एलडीएल १६२, वय ४६, वडिलांना झटका: पथ्यावर थांबावे की गोळी सुरू करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, पुण्यात बैठी नोकरी, वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. ताज्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २४२, एलडीएल (रक्तवाहिन्यांत साठणारे, घातक कोलेस्टेरॉल) १६२, एचडीएल (चांगले मानले जाणारे कोलेस्टेरॉल) ३६ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार) २२०. हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ टक्के, रक्तदाब १३८/८८, कंबर ९८ सेंटीमीटर, दिवसातून चार-पाच वेळा तंबाखू. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन, म्हणजे स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधगटातली गोळी, १० मिलिग्रॅम रोज एक असे लिहून दिले आहे. परंतु गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर मागे लागते, या भीतीने ती अद्याप घेतलेली नाही, आणि आधी सहा महिने पथ्य व व्यायाम करून पाहिले तर चालेल का, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे की पथ्य आणि व्यायाम आजच सुरू करा, आणि त्यांच्यासोबत गोळीही सुरू करा. हे सरसकट सर्वांसाठीचे उत्तर नाही. तुमचेच आकडे आणि तुमच्याच घराण्याचा इतिहास समोर ठेवून ते देत आहे, त्यामुळे त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो.

रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग ताटातून येत नाही; तो आपले शरीर, विशेषतः यकृत, स्वतः तयार करते. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण रक्तातून पकडून आत ओढून घेणारे ग्राही असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे ग्राही किती आणि किती कार्यक्षम असणार, हे बऱ्याच अंशी आपण जन्माला येतानाच ठरलेले असते. आहारातील संपृक्त स्निग्धांश, म्हणजे वनस्पती तूप, पाम तेल, लोणी, साय, चरबीयुक्त मटण यांतील स्निग्धांश, त्यांचे काम मंदावतो. म्हणून तो कमी केला की एलडीएल काही प्रमाणात उतरते. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावते, पेशीला आत टंचाई जाणवते, आणि ती भरून काढण्यासाठी पेशी अधिक ग्राही तयार करून रक्तातले एलडीएल खेचून घेते. पथ्य आणि गोळी शेवटी एकाच ठिकाणी काम करतात, परंतु दोहोंच्या ताकदीत फार अंतर आहे.

ते अंतर तुमच्या आकड्यांत पाहू. मनापासून आणि सातत्याने पाळलेल्या पथ्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरते. १६२ मधून १५ टक्के वजा केले तर उरतात सुमारे १३८. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य धोका असलेल्यांचे एलडीएल १०० च्या खाली, अधिक धोका असलेल्यांचे ७० च्या खाली आणि ज्यांना आधीच झटका येऊन गेला आहे त्यांचे ५५ च्या खाली असावे. वडिलांना ५५ वर्षांच्या आत झालेला हृदयविकार, तंबाखू, कमी एचडीएल, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर आणि सीमेवरचा रक्तदाब हे सगळे एकाच व्यक्तीत असताना मी तुम्हाला अधिक धोक्याच्या गटात धरतो आणि ७० हे लक्ष्य ठेवतो. सहा महिने अत्यंत निष्ठेने पथ्य करूनही तुम्ही १३८ वर असाल, आणि आजच्याच प्रश्नाकडे परत याल. रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ४५ टक्के कमी होते, म्हणजे १६२ वरून ८९ च्या आसपास. त्याला पथ्याची जोड मिळाली तर ८० च्या जवळ येता येते. तेथून ७० फार लांब नाही.

वाढलेले एलडीएल वेगळ्या परिस्थितीतल्या कोणाचे असते तर मी वेगळे सांगितले असते. अडतीस वर्षांची स्त्री, एलडीएल १४२, साखर व रक्तदाब उत्तम, तंबाखू नाही, घराण्यात कमी वयातला हृदयविकार नाही, अशा व्यक्तीला मी गोळी देत नाही. आहार, वजन आणि थायरॉइड पाहून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतो. याउलट ज्याला स्टेंट बसला आहे त्याचे एलडीएल ९५ असले तरी त्याच्या बाबतीत गोळीबद्दल चर्चाच नाही. आणि एलडीएल १९० च्या वर असेल तर त्यामागे आनुवंशिक दोष असू शकतो; सुमारे अडीचशे जणांत एकाला तो असतो, आणि तेथे केवळ पथ्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. निर्णय आकड्यावर होत नाही, एकूण धोक्यावर होतो.

सहा महिने थांबल्याने असे काय बिघडणार, हा तुमच्या प्रश्नातला न लिहिलेला भाग मला दिसतो. सहा महिन्यांनी आभाळ कोसळत नाही, हे खरे. परंतु रोहिणीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या, भिंतीत कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे साठत जाते, थकलेल्या कर्जावर व्याज चढावे तसे. एलडीएल किती आहे याइतकेच ते किती वर्षे तसे राहिले यालाही महत्त्व आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील रुग्णांवरच्या इंटरहार्ट अभ्यासाच्या माहितीतून असे दिसले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो. तुमच्या वडिलांचे त्या वेळचे वय त्याहून कमी होते. आणि माझा अनुभव असा की "सहा महिने पाहू" म्हणून गेलेले बहुतेक जण तीन-चार वर्षांनी परत येतात, तोपर्यंत साखरही वाढलेली असते. स्टॅटिनच्या अनेक मोठ्या चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. तुमच्या बाबतीत एलडीएलची घट या ३९ च्या दुपटीहून अधिक होऊ शकते.

आता अहवालाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळतो, कारण तेथे गोळी फारशी कामाची नाही. ट्रायग्लिसराइड्स २२०, एचडीएल ३६, साखर ६.१ आणि कंबर ९८ (भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटीमीटर आहे) हे चार आकडे एकच गोष्ट सांगतात: पोटावर चरबी साठली आहे आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. आपल्याकडच्या रुग्णांत हे चित्र अत्यंत नेहमीचे आहे, आणि ते बदलण्याचे सामर्थ्य जेवणात, चालण्यात व वजनात आहे. वजन पाच ते दहा टक्के उतरले तर ट्रायग्लिसराइड्स सुमारे वीस टक्के उतरताना दिसतात, साखर मागे सरकते, रक्तदाबही थोडा खाली येतो.

कोलेस्टेरॉल वाढले असे कळताच बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड तुपावर आणि अंड्यावर पडते, आणि दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, त्यासोबत बिस्किटे, नाश्त्याला बटाटेपोहे, रात्री भाताचा डोंगर हे सगळे तसेच चालू राहते. ट्रायग्लिसराइड्स मुख्यतः या पिष्टमय आणि गोड पदार्थांनी वाढतात, आणि मद्यानेही. वरणभातावर चमचाभर साजूक तूप, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, यात संपृक्त स्निग्धांश तीन ग्रॅमच्या आसपास असतो. तेवढ्याने कोणाचे नुकसान होत नाही. मात्र तूप पौष्टिक म्हणून वाटीने खाणाऱ्यांना मी हे सांगत नाही. अंड्याचेही तसेच: दिवसाला एक अंडे बहुतेकांना चालते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मात्र मी आवर्जून बंद करायला सांगतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा आणि वर तूप. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी, ताक आणि एखादे फळ यांवर तो उत्तम होतो.

तेलाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथे घरोघर चूक होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. मी रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीला एक प्रश्न हमखास विचारतो: पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो? चार माणसांत तो २५ दिवसांत संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज ५० मिलिलिटर तेल जाते, म्हणजे केवळ तेलातून चारशेहून अधिक कॅलरी, आणि यात बाहेरचा वडापाव, फरसाण, मिसळीवरची तर्री धरलेली नाही. दरडोई महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर ही मर्यादा धरली, तर तोच डबा चार माणसांना निदान पन्नास दिवस पुरायला हवा. डब्यावर तारीख लिहून ठेवा. याहून सोपे मोजमाप मला माहीत नाही. कोणते तेल, हा प्रश्न त्यानंतरचा. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांपैकी कोणतेही चालेल, आणि आलटूनपालटून वापरले तरी उत्तम. पाम तेलात जवळपास निम्मा आणि खोबरेल तेलात त्याहून पुष्कळ अधिक संपृक्त स्निग्धांश असतो, म्हणून रोजच्या फोडणीसाठी ती नकोत. डब्यावर ठळक छापलेल्या "कोलेस्टेरॉलमुक्त" या शब्दांना भुलू नका: कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते, त्यामुळे पाम तेलाच्या डब्यावरही ते शब्द खरेच ठरतात. तळून उरलेले तेल पुन्हा तळणीला वापरू नका. खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटे यांत पूर्वी वनस्पती तुपातून आलेला ट्रान्स स्निग्धांश भरपूर असे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्याचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत मर्यादित केले, ही फार चांगली गोष्ट झाली. तरीही या पदार्थांतले पाम तेल, मैदा आणि मीठ आहे तसेच आहे.

ताटात काय वाढवावे, याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. मटकी, मूग, चवळी, वाल यांच्या उसळी, भाकरीसोबत भरपूर पालेभाजी, कोशिंबीर, मूठभर भाजलेले शेंगदाणे, जमल्यास सकाळी ओट्स. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली उत्तम, मात्र कालवणात; रवा लावून तळलेल्या तुकडीचा हिशेब वेगळा होतो. विद्राव्य तंतू रोज पाच ते दहा ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल सुमारे पाच टक्के कमी होते, आणि त्यासाठी जेवणाआधी पाण्यातून दोन चमचे इसबगोल हा स्वस्त व सोपा मार्ग आहे. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

व्यायामाने एलडीएल फारसे उतरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अन्यथा तीन महिने चालून अहवाल तोच आला की माणूस निराश होऊन चालणे सोडतो. चालण्याचा लाभ साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स आणि कंबर यांत दिसतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे, दोन वाक्ये बोलता येतील पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाला. शिवाय दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारलीत तर साखरेवर तिचा परिणाम चांगला होतो.

तंबाखूबाबत मला कळकळीने लिहायचे आहे. ओढली तरच हृदयाला धोका, चघळली तर फक्त तोंडाला, असा समज अजूनही सुशिक्षित घरांत आहे. इंटरहार्ट अभ्यासात केवळ तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला. मिश्रीही यातच आली. रोज गोळी घ्यायची, तेल मोजायचे आणि खिशात पुडी ठेवायची, असे केल्याने अर्धी मेहनत वाया जाते. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेची मदत घ्या, आणि डॉक्टरांना निकोटिनच्या गोळ्यांविषयी स्पष्ट विचारा. तुमच्या यादीतील सर्वात कठीण काम हेच आहे आणि सर्वात लाभदायकही हेच.

आता गोळीच्या भीतीविषयी. ती मागे लागते म्हणजे तिचे व्यसन लागते, असे नाही. बंद केली की यकृत पूर्ववत काम करू लागते आणि काही आठवड्यांत एलडीएल मूळ पातळीवर जाते, इतकेच. त्यामुळेच अहवाल चांगला आला म्हणून गोळी थांबवणे ही सर्वात वारंवार होणारी चूक आहे. अहवाल चांगला आला तो गोळी चालू होती म्हणून.

स्नायूदुखीबाबत सॅमसन नावाची एक चाचणी मुद्दाम सांगतो. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषधविरहित गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटूनपालटून दिले गेले. स्टॅटिनवर जितका त्रास नोंदला गेला, त्याचा ९० टक्के भाग औषधविरहित गोळीवरही नोंदला गेला. त्रास खोटा नव्हता, परंतु बहुतांशी तो औषधाच्या रसायनामुळे होत नव्हता. खरी स्नायूंची इजा फार क्वचित होते. दोन्ही मांड्या व खांदे सतत दुखणे, जिना चढताना ताकद न उरणे, लघवी काळपट होणे ही तिची लक्षणे आहेत. तसे झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

साखरेचा मुद्दा तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून तो झाकून ठेवत नाही. स्टॅटिनमुळे साखर किंचित वाढते, आणि साधारण २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर त्यांच्यापैकी एका जास्तीच्या व्यक्तीला मधुमेहाचे निदान होते. तेही प्रामुख्याने जे आधीच उंबरठ्यावर आहेत त्यांच्यात. तुम्ही उंबरठ्यावर आहात. तरीही तुमच्यासारख्या व्यक्तीत टळणारे झटके आणि पक्षाघात यांचे पारडे स्पष्टपणे जड आहे, आणि वजन व चालणे यांनी हा धोका बऱ्याच अंशी भरून निघतो. एचबीएवनसी दर सहा महिन्यांनी पाहत राहा. यकृतात चरबी आहे म्हणून स्टॅटिन टाळण्याचे कारण नाही.

गोळी नको म्हणून दुकानातली "नैसर्गिक" उत्पादने घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्टॅटिनचा शोधच बुरशीतून लागला. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात तो लावला. लाल यीस्टच्या तांदळापासून केलेल्या कॅप्सूलमध्ये जे कोलेस्टेरॉल उतरवते ते मोनाकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे औषध एकच रसायन आहे, फक्त कॅप्सूलमधली मात्रा किती हे कोणी हमीने सांगत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी थायरॉइडचे टीएसएच, यकृताचे एसजीपीटी आणि मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन तपासून घ्या. थायरॉइड मंद असल्यास एलडीएल त्यानेच वाढलेले असू शकते. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक कण, याची तपासणी आयुष्यात एकदा करावी, आणि वडिलांचा इतिहास पाहता तुम्ही ती नक्की करा. हा घटक आनुवंशिक असतो, पथ्याने उतरत नाही, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एलडीएलचे लक्ष्य अधिक कडक ठेवावे लागते. ईसीजी चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. रोहिणीत काय साठले आहे हे विश्रांतीच्या ईसीजीत दिसत नाही. मन अजूनही तयार होत नसेल तर हृदयाच्या रोहिणीत साठलेले कॅल्शियम मोजणारा, कॅल्शियम स्कोअरचा सीटी स्कॅन करता येतो. त्यात कॅल्शियम दिसले तर वाद मिटतो; परंतु तंबाखू आणि वडिलांचा इतिहास असताना शून्य आले तरी मी तुमची गोळी रद्द करणार नाही, म्हणून तुमच्यासाठी मी तो स्वतःहून सुचवत नाही.

औषधाच्या दुकानातून पाकीट घेताना मागची बारीक अक्षरे वाचा. रोसुवास्टॅटिनसोबत ॲस्पिरिन किंवा ट्रायग्लिसराइड्स उतरवणारे फेनोफायब्रेट घातलेल्या जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. ज्याला हृदयविकार झालेला नाही त्याने सरसकट ॲस्पिरिन घेऊ नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांनंतर रक्तस्रावाचा धोका लाभाइतकाच ठरतो हे स्पष्ट झाले आहे. ट्रायग्लिसराइड्स २२० साठी फेनोफायब्रेटचीही गरज नाही. आकडा ५०० च्या वर गेला की स्वादुपिंडाच्या काळजीने त्याचा विचार होतो. गोळी दिवसातून कोणत्याही एका ठरलेल्या वेळी घ्या. रोसुवास्टॅटिनला रात्रीचे बंधन नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची हीच तपासणी, पुन्हा करा. उपाशी पोटीच केले पाहिजे असे नाही. एलडीएल ८५-९० वर अडले तर मात्रा दुप्पट करून केवळ सहा टक्के अधिक घट मिळते, त्यापेक्षा आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करणारे इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडल्यास सुमारे वीस टक्के मिळते. हा पर्याय डॉक्टरांशी बोला. दरम्यान आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहा आणि ती वही सोबत न्या.

या काळात चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, दरदरून घाम आला, तर पित्त समजून सोडा पीत घरी थांबू नका. थेट हृदयविकाराची सोय असलेल्या रुग्णालयात जा. आणि वडिलांचा इतिहास तुमच्या भावंडांचाही आहे. त्यांनी या महिन्यातच लिपिड प्रोफाइल करून घ्यावे, आणि तुमच्या मुलांनी वयाच्या १८ व्या वर्षी. तुमचे लायपोप्रोटीन-ए वाढलेले निघाले तर मुलांच्या तपासणीसाठी तितकेही थांबू नये.